एवढं सरळ कोनी कापलं?

गेल्या उन्हाळ्यात भावाच्या शेतात विहिरीचं काम चाललं होतं. जामनेर तालुका. रावेर-यावलकडे तापीच्या गाळाची खोल जमीन, तिथं बोअर किती खाली नेला तरी माती संपत नाही. आमच्याकडे हात-दोन हात काळी माती, खाली मुरूम आणि त्याच्याखाली अखंड पाषाण. सुरुंग लावल्याशिवाय विहीर उतरत नाही. मी सुटीत गेले होते. कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊन लिंबाखाली बसलो असताना सुरुंग उडाला, जमीन दणकली, दारूचा वास बांधापर्यंत आला. धूर बसल्यावर यारीनं बादली वर काढली आणि तिच्यातल्या दगडांत काहीतरी चमकलं. खडकातली एक पोकळी फुटली होती आणि तिच्या भिंतीला स्फटिक दाटीनं लागले होते. काही दुधी, किंचित केशरी, पंख्यासारखे पसरलेले, ते स्टिल्बाइट. त्यांच्यामधून वर आलेले फिकट हिरवे, चौकोनी अंगाचे आणि टोकाला निमुळते, ते अपोफिलाइट. जळगावच्या नावाची चिठ्ठी लावलेले असे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. आमच्याकडे त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. विहिरी खोदण्यात आयुष्य गेलेल्या एका म्हाताऱ्या कामगारानं एक तुकडा रुमालानं पुसला, कडेवरून अंगठा फिरवला, उन्हात धरला आणि मला विचारलं, "ताई, एवढं सरळ याले कोनी कापलं?"

मी सांगितलं, कोणी नाही, ते आपोआप वाढतं. लाव्हा थिजताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या, त्यांत गरम पाणी झिरपलं, पाण्यात विरघळलेली द्रव्यं भिंतीवर बसत गेली. त्यानं मान हलवली, "बरं" म्हणाला आणि तुकडा नातवासाठी डब्याच्या पिशवीत टाकला. मी सांगितलं ते सगळं खरं होतं, पण त्यानं विचारलेलं त्यात आलं नव्हतं. सरळपणा कुठून येतो, हे त्याला हवं होतं. अणूला आपल्या लगतच्या चार-सहा अणूंपलीकडे काही जाणवत नाही. बोटभर लांबीच्या त्या कडेत कोट्यवधी अणू एका ओळीत उभे असतात. या टोकाच्या अणूला त्या टोकाची खबर नाही, आणि तरी कड सरळ, तीही प्रत्येक तुकड्यात त्याच कोनानं वळणारी. एवढी शिस्त त्यांच्यातल्या कोणाकडे असते?

कोणाकडेच नाही.

मी फिजिक्स शिकवते, त्यातही कंडेन्स्ड मॅटर, म्हणजे असंख्य अणू दाटीनं एकत्र आल्यावर पदार्थ कसा वागतो, हा माझा विषय. त्या दुपारनंतर बरेच दिवस मला वाटत राहिलं की, माझ्या विषयानं गेल्या पन्नास-साठ वर्षांत जे काही केलं ते या एका प्रश्नाभोवती फिरत आलं आहे. एकेकट्यात नसलेली गोष्ट पुष्कळांच्या एकत्र येण्यात कुठून येते? पाण्याच्या एका रेणूला ओलेपणा नसतो. लोखंडाचे सुटे अणू मोजून लोहचुंबकाची दिशा सापडत नाही. सोन्याचा एक अणू पिवळा नसतो. हे मी वर्गात सांगते तेव्हा मुलं लिहून घेतात, कारण परीक्षेला येईल असं वाटतं. क्वचित एखादा लिहायचं थांबून नुसता बघत राहतो, आणि मला त्या मुलाशी बोलायचं असतं.

मी एम.एस्सी. करत होते तेव्हा उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालेलं नव्हतं, ते १९९० साली निघालं. आमची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली, म्हणून मी पुण्यात. वर्ष १९८७. त्याच्या आदल्या वर्षी झुरिकजवळच्या आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर या दोघांनी लँथॅनम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडमध्ये अतिवाहकता, म्हणजे विजेला कसलाच रोध न होणं, पाहिली होती, तीही तीस केल्विनच्या (उणे २४३ अंश सेल्सिअसच्या) वर. अतिवाहकता जुनी, १९११ साली लायडनला कामरलिंग ओन्नस यांनी द्रवरूप हेलियमच्या थंडाईत पाऱ्याचा रोध नाहीसा झालेला पाहिला, आणि १९५७ मध्ये बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी तिचं कारण सांगितलं. त्यानंतर हा विषय आता उरकला, असं पुष्कळांना वाटत होतं. आणि अचानक ही मातीच्या भांड्याच्या जातीची, ठिसूळ, काळी वस्तू पुढे आली, जिच्यातून वीज धड वाहील अशीही कोणाची अपेक्षा नव्हती. १९८७ च्या सुरुवातीला ह्यूस्टन आणि अलाबामाच्या गटांनी लँथॅनमच्या जागी इट्रियम घालून तापमान ९३ केल्विनपर्यंत नेलं. द्रवरूप नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणजे आता महागड्या हेलियमची गरज उरली नाही. मार्चमध्ये न्यूयॉर्कला अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या सभेत त्यावरची भाषणं संध्याकाळी सुरू झाली ती पहाट होईपर्यंत चालली.

ही बातमी आमच्यापर्यंत झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून आली, अक्षरं अर्धी उडालेली. पण कृती वाचता येत होती, आणि मला आजही आठवतो तो तिचा साधेपणा. इट्रियम ऑक्साइड, बेरियम कार्बोनेट, कॉपर ऑक्साइड ठरल्या प्रमाणात घ्यायचे, खलात घोटायचे, साडेनऊशे अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचे, पुन्हा घोटायचे, दाबून गोळी करायची, परत भाजायची आणि ऑक्सिजनमध्ये हळूहळू थंड होऊ द्यायची. खल आमच्याकडे होता. भट्टीही होती. घोटणाऱ्यांत मीही होते. मनगट भरून यायचं आणि बोटांच्या पेरांवर काळी पूड बसायची. थर्मासमधून नायट्रोजन ओतला, पांढरी वाफ टेबलावरून खाली उतरली आणि गोळीवर ठेवलेलं एवढंसं चुंबक हवेत अधांतरी उभं राहिलं, तेव्हा खोलीत कोणीच बोललं नाही. मग सगळेच एकदम बोलायला लागले. जगातल्या अव्वल प्रयोगशाळांत काही महिन्यांपूर्वी पहिल्यांदा दिसलेली गोष्ट जळगाव जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मुलीनं स्वतःच्या हातानं घोटून पाहिली होती. माझा विषय त्या दिवशी ठरला.

मित्रमैत्रिणींना त्याचं विशेष वाटलं नाही. फिजिक्समध्येही उतरंड असते. वरच्या बाजूला मूलकण आणि विश्वाची उत्पत्ती. सॉलिड स्टेट, म्हणजे घन पदार्थांचं फिजिक्स, खाली, इंजिनिअरिंगच्या शेजारी. ही समजूत जुनी आहे. वोल्फगांग पाउली यांच्यासारखा मोठा माणूस या विषयाला घाणीचं भौतिकशास्त्र म्हणे, कारण खऱ्या पदार्थात अशुद्धी असते, भेगा असतात, समीकरणं स्वच्छ सुटत नाहीत. पुढे त्या घाणीतूनच जग बदललं. सिलिकॉनच्या कोट्यवधी अणूंमध्ये फॉस्फरसचा एखादा अणू मुद्दाम मिसळला की त्याची वाहकता पार पालटते. १९४७ सालच्या बेल लॅब्जमधल्या पहिल्या ट्रान्झिस्टरपासून माझ्या हातातल्या फोनपर्यंत सगळं मोजूनमापून केलेल्या अशुद्धीवर उभं आहे. पण उपयोग झाला म्हणून मान वाढतो असं नाही. उलट 'उपयोगाचं' असा शिक्का बसला की 'मूलभूत' हा शिक्का पुसला जातो. मला याचा राग येतो, आणि इतकी वर्षं शिकवूनही तो कमी झालेला नाही.

अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ फिलिप अँडरसन यांना तो राग माझ्याआधी आला होता. १९६७ साली त्यांनी आणि फोल्कर हाइने यांनी केंब्रिजमधल्या आपल्या गटाचं 'सॉलिड स्टेट' हे नाव बदलून 'कंडेन्स्ड मॅटर' केलं. अमेरिकन फिजिकल सोसायटीच्या विभागानं १९७८ मध्ये तेच केलं. त्यामुळे द्रव आले, द्रवस्फटिक आले, पुढे जेल, फेस आणि पॉलिमरही आले. १९७२ मध्ये अँडरसन यांनी 'सायन्स'मध्ये 'मोअर इज डिफरंट' हा छोटा लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं की, मूलकणांचे नियम हाती आले म्हणून त्यांच्यावरून जग पुन्हा मांडता येतं असं नाही. संख्या वाढली की नवे नियम येतात, आणि ते वरच्या पायरीचे नियम खालच्यांइतकेच मूलभूत असतात. अमेरिकेत प्रचंड कण-त्वरकाचा प्रकल्प निघाला तेव्हा सगळी तिजोरी एकाच दिशेला रिकामी करू नका, असं ते उघडपणे सांगत राहिले. तो प्रकल्प १९९३ मध्ये रद्द झाला. त्यात फार आनंद मानावा असं मला वाटत नाही. शिवाय दोन्ही बाजूंचं नातं भांडणापेक्षा खोल आहे. अतिवाहकात प्रकाशाचा कण जड झाल्यासारखा वागतो, हा विचार अँडरसन यांनी १९६३ मध्ये मांडला आणि तोच धागा पुढे मूलकणांना वस्तुमान कसं मिळतं हे सांगणाऱ्या पीटर हिग्ज यांच्यापर्यंत गेला. २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत हिग्ज कण सापडला त्या यंत्रातली चुंबकं निओबियम-टायटॅनियमच्या अतिवाहक तारेची आहेत.

त्याच तारेची चुंबकं जळगावातही आहेत.

मायचं डोकं सारखं दुखायला लागलं तेव्हा मे महिना होता. पारा पंचेचाळिशीच्या पुढे, रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, स्टेशनसमोरच्या रसवंतीवाल्यानंही पडदे ओढून घेतलेले. एमआरआय सेंटरच्या आत मात्र अंगावर काटा येईल इतका गारवा. मायला आत सरकवलं आणि ठोक-ठोक-ठोक सुरू झालं. बाहेर बाकावर बसून मी त्या आवाजाच्या मागचा दुसरा आवाज ऐकत होते, बारीक, एकसारख्या अंतरानं येणारा, चिमणी चिवचिवते तसा. तो हेलियम थंड ठेवणाऱ्या यंत्राचा. त्या भिंतीपलीकडे, मायच्या अंगापासून हातभरावर, उणे २६९ अंश सेल्सिअसला एक तार गुंडाळून ठेवली होती, आणि तिच्यात यंत्र बसवलं त्या दिवशी सोडलेला विद्युतप्रवाह अजून फिरत होता. त्याला पुढे ढकलणारं काही जोडलेलं नव्हतं. इलेक्ट्रॉन जोड्याजोड्यांनी, सगळे मिळून एकाच लयीत चालले होते, आणि त्या सामायिक चालीला अडवण्याची ताकद एखाद्या अणूत नव्हती. काळजीनं पोटात गोळा आला होता आणि त्याच वेळी हे डोक्यात चाललं होतं. दोन्ही एकत्र असू शकतं. माय बाहेर आली ती म्हणाली, "केवढं थंड ठेवता रे तुम्ही." टेक्निशियन हसला आणि एसी कमी करतो म्हणाला.

आमच्या गावात सोन्याला मान आहे. माणसं लांबून सराफ बाजारात खरेदीला येतात. २०१९ च्या मे महिन्यात किलोग्रॅमची व्याख्या बदलली. पॅरिसजवळ तिजोरीत जपलेला धातूचा ठोकळा गेला आणि प्लांकचा स्थिरांक, निसर्गातला एक कधी न बदलणारा आकडा, आला. त्या व्याख्येवरून वजन प्रत्यक्षात उतरवणारा जो तराजू आहे, त्यात विजेचा रोध मोजावा लागतो, आणि तो ज्या मापानं मोजतात ते माप १९८० साली क्लाउस फॉन क्लित्झिंग यांना ग्रेनोबलला एका साध्या सिलिकॉन ट्रान्झिस्टरमध्ये सापडलं. खूप थंडी, खूप मोठं चुंबकीय क्षेत्र, आणि रोध सरळ रेषेत वाढण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी चढायला लागला. त्या पायऱ्या २५,८१२.८०७ ओहमला पूर्णांकांनी भागून येणाऱ्या. तुकडा कोणाचा, केवढा, त्यात अशुद्धी किती, याचा त्या आकड्यावर परिणाम नाही. थोडी अशुद्धी असावीच लागते, तिच्यामुळे पायरी रुंद होते. मला या विषयातलं सर्वांत सुंदर काय वाटतं असं कोणी विचारलं तर मी हे सांगेन. ओबडधोबड, डागाळलेल्या वस्तूतून निसर्गातला इतका नेमका आकडा बाहेर पडतो. का, ते थाउलेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये दाखवलं: तो आकडा आकाराच्या गणितातून येतो, जिथं वस्तू वाकवली, ताणली तरी छिद्रांची संख्या बदलत नाही. त्याच वाटेनं पुढे असे पदार्थ निघाले जे पोटात वीजरोधक आणि पृष्ठभागावर वाहक असतात. थाउलेस, हाल्डेन आणि कोस्टरलिट्झ यांना नोबेल मिळालं ते २०१६ मध्ये. बाजारात तोळा मोजणाऱ्या माणसाला यातलं काही ठाऊक असण्याची गरज नाही, पण मला तिथं उभं राहिलं की आठवतं.

हे सगळं सुरळीत घडलेलं नाही. डॅन शेख्टमन यांना १९८२ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाचपदरी सममिती (वर्तुळाच्या पाचव्या हिश्शाएवढं फिरवलं तरी तशीच दिसणारी नक्षी) दिसली, जी स्फटिकात असूच शकत नाही असं पाठ्यपुस्तकं सांगत. त्यांना गटातून बाहेर पडावं लागलं. रसायनशास्त्राचं नोबेल २०११ मध्ये आलं. निळ्या एलईडीची कथाही तशीच. गॅलियम नायट्राइडचा नाद बहुतेकांनी सोडला होता. नागोयाला आकासाकी आणि अमानो चिकटून राहिले, आणि शिकोकू बेटावरच्या एका आडगावी फॉस्फर (चमकणारी पूड) बनवणाऱ्या कंपनीत नाकामुरा यांनी स्वतःच्या हातानं यंत्र सुधारून १९९३ मध्ये लखलखीत निळा दिवा आणला. शिकोकू म्हणजे जपानमधल्या मोठ्या शहरांपासून बाजूला पडलेला मुलूख. मी हे वर्गात जरा रेंगाळत सांगते. आमच्या मुलांना वाटतं की, मोठं काम मुंबई-बंगळूरच्या पलीकडेच होतं. ग्राफिन, म्हणजे एका अणूच्या जाडीचा कार्बनचा थर, २००४ मध्ये मँचेस्टरला ग्रॅफाइटवर चिकटपट्टी लावून सोलून काढलं गेलं. आणि आज जगभरचे ग्राफिनवाले ज्या बोरॉन नायट्राइडच्या स्फटिकांवर आपले नमुने ठेवतात ते स्फटिक बहुतांशी जपानमधल्या त्सुकुबाला तानिगुची आणि वातानाबे हे दोघं वाढवतात. त्यांची नावं शेकडो शोधनिबंधांवर आहेत. ते काय करतात? चांगले स्फटिक वाढवतात आणि मागेल त्याला पाठवतात.

पण साधेपणाची ही गोष्ट ताणू नये. माझ्या विद्यार्थ्यांना ती सांगताना मी अर्धंच सांगते का, अशी शंका मला येते. मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये २०१६ साली बिस्मथ या जुन्यापुराण्या धातूत अतिवाहकता सापडली, पण त्यासाठी ०.०००५३ केल्विनपर्यंत उतरावं लागलं. असं यंत्र खान्देशात कुठे नाही, आणि आलं तरी आमचा वीजपुरवठा ते टिकू देईल का? कागद-पेन्सिलवाल्यांना ही अडचण कमी. टी. व्ही. रामकृष्णन यांचं नाव १९७९ च्या त्या चौघांच्या निबंधावर आहे, ज्यानं सपाट, द्विमितीय पदार्थात थोडीही अव्यवस्था इलेक्ट्रॉनला अखेर जखडून ठेवते हे दाखवलं, जी. बास्करन १९८७ मध्ये अँडरसन यांच्याबरोबर तांब्याच्या ऑक्साइडचं कोडं सोडवत होते. ते कोडं अजून सुटलेलं नाही. मी घोटलेल्या त्या काळ्या गोळीत वीज अशी का वाहते, यावर जगाचं एकमत व्हायच्या आत मी निवृत्त होणार आहे.

स्पिन ग्लासबद्दल, म्हणजे ज्यांच्या अणूंची चुंबकं अस्ताव्यस्त दिशांना थिजून राहतात अशा मिश्रधातूंबद्दल, मात्र मला एम.ए.च्या मुलांनाही सांगता येतं, कारण भाऊबंदकी सगळ्यांना कळते. तीन भाऊ, तिघांचा एकमेकांशी अबोला, आणि बांध एकच. प्रत्येकाला बांधाच्या अलीकडे नाही तर पलीकडे राहायचं आहे, आणि कोणालाच दुसऱ्या कोणाच्या बाजूला नको आहे. दोघांची सोय होते, तिसरा कुठेही गेला तरी कोणाच्या तरी शेजारी येतोच. अणूंच्या चुंबकांचं असं झालं की कुठलीच मांडणी सर्वांना मानवत नाही. जवळजवळ सारख्याच वाईट अशा असंख्य मांडण्या उरतात आणि पदार्थ त्यातल्या एकीत अडकून पडतो. एडवर्ड्स आणि अँडरसन यांनी १९७५ मध्ये याचं गणित मांडलं, परिसी यांनी त्याच्या एका सोप्या रूपाची उकल काढली. हॉपफिल्ड यांनी १९८२ मध्ये विचारलं की, या अडकून पडण्याच्या जागा म्हणजेच आठवणी मानल्या तर? तिथून कृत्रिम बुद्धिमत्तेचा एक रस्ता निघाला आणि २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना आणि हिंटन यांना मिळालं. कोणाला उपयोगाचं वाटलं नसतं अशा मिश्रधातूंच्या अभ्यासातून हे आलं. आता मुलं एआयच्या कोर्सला धावतात आणि एम.एस्सी. फिजिक्सच्या बाकांवर जागा रिकाम्या दिसतात.

साक्रीजवळ माळावर मैलभर निळ्या-काळ्या पट्ट्या पसरल्या आहेत, १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प. भावाच्या शेतातही आता सौर पंप आहे. रात्रपाळीची वीज आली की बॅटरी घेऊन अंधारात पाणी द्यायला जायचं, बिबट्याची भीती, सापाची भीती, हे त्याच्यापुरतं संपलं. त्या पट्टीत दोन तऱ्हेनं अशुद्ध केलेलं सिलिकॉन पाठीला पाठ लावून ठेवलंय, बाकी काही नाही. मी त्याला एकदा ते समजावून सांगितलं. तो ऐकत होता, पण त्याचं लक्ष सरीतून पुढे सरकणाऱ्या पाण्याकडे होतं, आणि ते योग्यच होतं.

माझी सध्याची विद्यार्थिनी पारोळ्याकडची. तिच्या आजोबांचं धाब्याचं घर पाडून स्लॅब न घालता पत्रे टाकले. मातीच्या धाब्याखाली जे दुपारचं झोपता यायचं ते बंद झालं. ती व्हॅनेडियम डायऑक्साइडचे पातळ थर बनवते, काचेवर द्रावण फवारून. हा पदार्थ निवडताना तिनं पत्र्याचं कारण सांगितलं, आणि मला ते आवडलं. १९५९ मध्ये बेल लॅब्जच्या मॉरिन यांनी याचा गुण पाहिला. ६८ अंश सेल्सिअसपर्यंत हा वीज नीट जाऊ देत नाही, त्याच्या वर गेला की धातूसारखा होतो. चांगल्या स्फटिकात रोध हजारो पटींनी पडतो. धातूसारखा झाला की उन्हातला उष्णतेचा भाग परतवतो, उजेड मात्र बराचसा आत येऊ देतो. थोडं टंगस्टन मिसळलं की ६८ अंशांचा उंबरठा खाली येतो. म्हणजे खिडकीची काच ऊन तापलं की आपणहून ऊन अडवायला लागेल. काचेवर पिवळट-तपकिरी झाक येते, थर टिकत नाहीत, अडचणी पुष्कळ आहेत. पण यासाठी हेलियम लागत नाही, नायट्रोजनही लागत नाही. हॉट प्लेट, थर्मोकपल आणि मल्टिमीटर. मेमध्ये आमच्या लॅबमध्ये निम्मी वाट हवाच चढून देते.

आणि हा पदार्थ सोपा मुळीच नाही. उंबरठ्यावर दोन गोष्टी एकदम घडतात. खाली व्हॅनेडियमचे अणू जोड्या करून वाकडे बसलेले असतात, वर गेल्यावर सगळे समान अंतरावर सरळ उभे राहतात. त्याच क्षणी इलेक्ट्रॉन मोकळे होतात. पाइएर्ल्स आणि मॉट या दोन भौतिकशास्त्रज्ञांच्या नावानं दोन बाजू पडल्या आहेत. पाइएर्ल्सच्या बाजूचे म्हणतात, अणू आधी सरकतात म्हणून इलेक्ट्रॉन सुटतात. मॉटच्या बाजूचे म्हणतात, इलेक्ट्रॉन एकमेकांना टाळत जखडून बसलेले असतात, ती कोंडी फुटते, अणू मागून हलतात. साठ वर्षांहून अधिक काळ हा वाद चालू आहे. अणू हलायला किती वेळ लागतो हे बघण्यासाठी फेमटोसेकंदाच्या (सेकंदाच्या अब्जांशाचाही दहा लाखावा भाग) लेझरांनी प्रयोग झाले, आणि प्रत्येक प्रयोगानंतर दोन्ही बाजूंना आपलंच थोडं थोडं खरं वाटलं. त्या विहिरीवरच्या बाबांचा प्रश्न इथे जास्तच कठीण होतो. तिथं शिस्त कोणाकडे आहे एवढंच विचारायचं होतं. इथं दोन जमाव एकत्र शिस्त मोडतात आणि सुरुवात कोणी केली ते सापडत नाही.

२०२३ च्या जुलैमध्ये कोरियातून घरच्या तापमानाला अतिवाहकतेची बातमी आली तेव्हा हीच मुलगी सकाळी लॅबच्या दारात उभी होती, फोनवर व्हिडिओ घेऊन. तरंगणारा तुकडा. तिचे डोळे बघून मला ते १९८७ आठवलं आणि पोटात कालवलं, कारण आलेखातली ती उडी मला संशयास्पद वाटत होती. काही आठवड्यांत जगभरच्या प्रयोगशाळांनी पदार्थ बनवून पाहिला. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतही करून पाहिला. अतिवाहकता नव्हती. त्यात राहिलेल्या कॉपर सल्फाइडमुळे रोध एकदम पडत होता. ती फार नाराज झाली. मी तिला म्हटलं, हे किती लवकर उलगडलं ते बघ, कृती उघडी होती म्हणून. तिला ते त्या दिवशी पटलं नाही.

आता तिच्या स्वतःच्या आलेखात काहीतरी आहे. तापवताना रोध जिथं पडतो त्यापेक्षा थंड करताना तो कमी तापमानाला परत चढतो. या दोन रेघांमधला फरक या पदार्थात असतोच. पण टंगस्टन घातलेल्या एका थरात थंड होतानाच्या रेघेत मधेच एक पायरी आहे, तापतानाच्या रेघेत ती नाही. चांदीच्या पेस्टचा जोड सैल असेल. थराची जाडी एका कडेला कमी असेल, म्हणून दोन भाग वेगवेगळ्या वेळी बदलत असतील. मला ही दुसरी शक्यता जास्त वाटते. तिला वाटतं की, अणू आणि इलेक्ट्रॉन तिथं एकमेकांना सोडून वेगळे बदलताहेत. असं असतं तर फार मोठी गोष्ट होईल, आणि म्हणूनच मी तिला आधी जोड बदलायला लावले. जोड बदलले, पायरी राहिली. जाडी तपासली, एका कडेला खरंच कमी निघाली. नवा थर केला, त्यात पायरी आहे पण लहान.

इंदूरला यूजीसी-डीएई या सरकारी संशोधन केंद्रात तापमान बदलत रामन वर्णपट, म्हणजे नमुन्यावरून विखुरलेल्या लेझरच्या उजेडाचा आलेख, घेता येतो. अणू वाकडे बसलेत की सरळ, ते त्यातल्या रेघांवरून कळतं. रोधाची पायरी येते त्याच तापमानाला त्या रेघाही बदलल्या तर माझं म्हणणं खरं. रेघा आधीच बदलून गेल्या असतील, किंवा मागे राहिल्या, तर आम्हाला सगळं पुन्हा मोजावं लागेल. वेळ मिळाली आहे. नमुने तिनं कापसात गुंडाळून स्टीलच्या डबीत ठेवलेत, दोन जाडीचे, टंगस्टन असलेले आणि नसलेले. धुळ्याहून रात्रीची गाडी आहे, बिजासनीचा घाट चढून सकाळी इंदूर. तिची आई सोबत चालली आहे, कारण मुलगी पहिल्यांदाच घाटापलीकडे एकटी निघाली होती. मी तिला एवढंच सांगितलंय की, थंड करताना घाई करू नकोस, दर दोन अंशांना थांब, आणि तापतानाची रेघ कितीही कंटाळा आला तरी पूर्ण घे.